लिमिटिंग रिएजंट आणि टक्के यील्ड: या चुका टाळा

54 ग्रॅम ॲल्युमिनियम आणि 142 ग्रॅम क्लोरीन. ॲल्युमिनियम क्लोराइड किती मिळेल? बरेच जण उत्तर लिहितात 267 ग्रॅम. टाकलं एकूण 196 ग्रॅम आणि मिळालं 267, म्हणजे वस्तुमान हवेतून आलं! तरी वहीत ते उत्तर निमूट बसलेलं असतं, कारण शेवटी बेरीज करून पाहण्याची सवयच नसते.

हे 267 दोन वाटांनी येतं. पहिली वाट: ग्रॅम कमी, म्हणून ॲल्युमिनियमच आधी संपणार असं धरून चालणं. अभिक्रियेला ग्रॅम कळत नाहीत, मोल (कणांची संख्या मोजायचं एकक) कळतात. दुसरी वाट जरा लबाड आहे. ग्रॅमना एका मोलाच्या वस्तुमानाने भागून मोल काढताना क्लोरीनसाठी 35.5 (एकट्या Cl अणूचं) वापरलं की 4 मोल येतात आणि ॲल्युमिनियम आधी संपतंय असंच दिसतं. क्लोरीन वायू Cl₂ आहे, भागायचं 71 ने.

आता नीट करू. समीकरण 2Al + 3Cl₂ → 2AlCl₃. ॲल्युमिनियम 54 ÷ 27 = 2 मोल, क्लोरीन 142 ÷ 71 = 2 मोल. मोल सारखेच, मग कोण आधी संपेल? जो आधी संपतो आणि उत्पादित किती मिळेल ते ठरवतो, तोच लिमिटिंग रिएजंट. इथे "ज्याचे मोल कमी तो लिमिटिंग" हा पाठ केलेला नियम उघडा पडतो. मोलांना समीकरणातल्या सहगुणकाने (सूत्राआधीच्या आकड्याने) भागा: ॲल्युमिनियम 2 ÷ 2 = 1, क्लोरीन 2 ÷ 3 = 0.67. लहान संख्या क्लोरीनची, तोच लिमिटिंग. भागाकाराचं काम एवढंच, कोण ते सांगणं. पुढचं गणित मूळ 2 मोलांवरूनच करायचं, 0.67 हेच क्लोरीनचे मोल समजून पुढे गेलात तर उत्तर कोसळतं.

3 मोल क्लोरीनमागे 2 मोल AlCl₃, म्हणून 2 मोलांमागे 4/3 मोल. गुणिले 133.5 (AlCl₃ च्या एका मोलाचे ग्रॅम), म्हणजे 178 ग्रॅम. ॲल्युमिनियम 2/3 मोल, म्हणजे 18 ग्रॅम उरलं. 178 + 18 = 196. जुळलं. (4/3 ऐवजी मध्येच 1.3 लिहिलंत तर 173.6 येतं. राउंडिंग शेवटी करा.)

समीकरण संतुलित नसेल तर यातलं काहीच खरं नाही, हे वेगळं सांगायला नको.

टक्के यील्डमध्ये वर प्रत्यक्ष मिळालेलं, खाली गणिताने आलेलं. 151.3 ग्रॅम मिळालं तर 151.3 ÷ 178 × 100 = 85 टक्के. छेदात सुरुवातीचे 196 ग्रॅम घालू नका.

कागदावर 100 च्या वर उत्तर आलं तर आधी अंश-छेद उलटे झालेत का पाहा, मग लिमिटिंग पुन्हा तपासा. प्रयोगशाळेत आलं तर खुश होऊ नका. बहुतेक वेळा अवक्षेप (द्रावणातून वेगळा झालेला घन पदार्थ) ओला असतो किंवा गाळणकागदाचं वजन वजा करायचं राहिलेलं असतं. पुन्हा वाळवा, वजन करा, आणि लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत हेच चालू ठेवा. तरीही आकडा 100 च्या वरच राहिला, तर उत्पादितात अशुद्धी अडकली आहे का ते पाहा. ती वाळवून जात नाही.