बँकॉक ते चिआंग माई, रात्रीच्या गाडीने: घरच्यांना घेऊन निघण्याआधी

मे महिन्यात आमच्या अकोट भागातून कुणी थायलंडला निघालं की बॅगेत सुती कपडे, टोपी, ओआरएस एवढंच जातं. अकोल्यात पारा 45 च्या घरात, मिरगापर्यंत शेतात काम नाही, लेकरांना सुट्ट्या, म्हणून बहुतेकांचं जाणं याच दिवसांत होतं. तिकडेही उकाडाच. स्वेटरचा विषयच निघत नाही. म्हणून सगळ्यात आधी हेच लिहिते: माणशी एक स्वेटर किंवा जाड शाल, लेकरांना आणि म्हाताऱ्यांना कानटोपी आणि पायमोजे. आणि हे मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत.

मागच्या वेळी आमच्या घरून हेच राहिलं. बॅगा भरताना आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्या तपनीत सेटर काहाले घेतं वं?" आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. रात्रीच्या गाडीचा अख्खा डबा एसी असतो, एसी रात्रभर चालतो, कमी-जास्त करायचं बटण आपल्या हाती नसतं आणि खिडकी उघडत नाही. उशी, चादर, पांघरूण मिळतं, पण पांघरूण पातळ. मध्यरात्री लेकराला पदरात घेऊन, वरून टॉवेल गुंडाळून बसले होते. सकाळी मामाजींचे गुडघे इतके आखडले की उतरताना दोघांनी धरावं लागलं. घरून निघताना चार किलो जास्त झाले तर चिवडा कमी करा, स्वेटर काढू नका.

आता तिकीट. बँकॉकहून चिआंग माईला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांत 9 नंबरची स्पेशल एक्स्प्रेस घरच्या लोकांसाठी सगळ्यात बरी, कारण तिचे डबे 2016 साली आलेले, त्या मानाने नवे आहेत. अंतर 751 किलोमीटर. संध्याकाळी पावणेसातच्या आत सुटते, सकाळी सव्वासातच्या सुमारास पोचते. नेमकी वेळ तिकिटावरचीच धरा. थायलंडच्या रेल्वेची स्वतःची साइट आहे, तिकीट तिथूनच काढा. आपल्यासारखं वेटिंग काढून ठेवू, चार्ट लागला की होईल कन्फर्म, असला हिशेब तिथे धरू नका. जागा संपल्या म्हणजे संपल्या. एप्रिलच्या 13 ते 15 तारखेला त्यांचा सोंगक्रान असतो, नवं वर्ष, तेव्हा अख्खं बँकॉक गावाकडे निघतं. आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारासच चिआंग माईला दिव्यांचा मोठा सण असतो. त्या आठवड्यात गाडीही भरलेली आणि हॉटेलंही. तारीख ठरली की आधी गाडीचं तिकीट, मग बाकी सगळं.

नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. लेकरांच्या तिकिटाला वयासोबत उंचीही पाहतात, म्हणून निघण्याआधी भिंतीशी उभं करून उंची मोजून घ्या. तिकिटावर किंवा स्टेशनच्या पाटीवर साल 2569 दिसलं तर घाबरू नका, त्यांचं बुद्धाब्द आपल्या इसवी सनाच्या 543 पुढे आहे. 2026 ला ते 2569 लिहितात. घड्याळही दीड तास पुढे करा. मोबाइल आपोआप करतो, मामाजींच्या हातातलं घड्याळ करत नाही, आणि ते त्याच घड्याळावर विश्वास ठेवतात.

बर्थ निवडताना घाई नको. दुसऱ्या वर्गाच्या डब्याची रचना अशी की आपल्याकडचं साइड लोअर-साइड अप्पर दोन्ही बाजूंनी लावत जावं आणि मधून वाट ठेवावी. दिवसा समोरासमोर दोन सीटा, रात्री माणूस येऊन त्यांचाच खालचा बर्थ करून देतो आणि वरचा उघडतो. प्रत्येक बर्थला पडदा. खालचा रुंद आणि थोडा महाग, वरचा अरुंद, खिडकी नाही, चढायला उभी शिडी. साठीच्या पुढच्या कुणालाही वर पाठवू नका, चार पैसे वाचतील आणि रात्री लघवीला उतरताना माणूस पडेल. लहान लेकरू आईसोबत खालीच. वरच्याला एसीचा झोत जवळचा लागतो, म्हणून वर जाणाऱ्या धडधाकट पोरालाही स्वेटर हवाच. तो म्हणेल मला थंडी वाजत नाही. ऐकू नका.

पहिल्या वर्गात दोघांची बंद केबिन असते. चौघं असाल तर शेजारच्या दोन केबिन मागा, मधलं दार उघडता येतं. परवडत असेल आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर हेच घ्या. याच गाडीत बायका-लेकरांचा वेगळा डबाही असतो. एकटी बाई लेकरांना घेऊन जात असेल तर उत्तम, पण पूर्ण घर निघालं असेल तर चुकून तो डबा निवडू नका, नाहीतर मामाजी एका टोकाला आणि त्यांच्या गोळ्या दुसऱ्या टोकाला.

स्टेशनचं नीट ऐका. जुन्या माहितीत सगळीकडे हुआ लाम्फोंग लिहिलेलं सापडेल. ते 1916 सालचं जुनं स्टेशन आहे, सुंदर आहे, पण लांब पल्ल्याच्या गाड्या 19 जानेवारी 2023 पासून क्रुंग थेप अफिवाट या नव्या स्टेशनवरून सुटतात. लोक त्याला बांग सू असंही म्हणतात. दोन्ही ठिकाणी मेट्रोची निळी लाइन जाते, म्हणून चूक झाली तर मेट्रोनेच निघा, टॅक्सीत बसू नका. संध्याकाळचं बँकॉकचं ट्रॅफिक म्हणजे तासभर जागेवर. टॅक्सीवाल्याला "ट्रेन स्टेशन" एवढं सांगून चालत नाही. नाव थाई लिपीत मोबाइलवर ठेवा आणि दाखवा. गाडीच्या दीड तास आधी पोचा. स्टेशन प्रचंड आहे, चालावं लागतं, आणि गाडी लागल्याशिवाय फलाटावर सोडत नाहीत. आत बसायला जागा आहे, खायला मिळतं, स्वच्छतागृह आहे. लेकरांचं सगळं तिथेच उरकून घ्या.

आता ती पिशवी. यावर मी वाद ऐकणार नाही. मोठ्या बॅगा सीटजवळच्या रॅकवर चढतात, तिथेच त्यांची रात्र. आठ-नऊच्या दरम्यान बर्थ लागतात, पडदे ओढले जातात, आणि मग त्या अरुंद वाटेत मोठी बॅग उतरवून, चेन उघडून, तळाशी हात घालणं होत नाही. समोर परका माणूस झोपलेला असतो. त्यामुळे रात्री लागणारी प्रत्येक वस्तू एका कापडी पिशवीत, आणि ती पिशवी बर्थवर उशाशी. आत काय? स्वेटर, शाल, कानटोपी, मोजे. लेकराचा एक जोड. बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन असेल तर त्याची थंड पिशवी. पाण्याची बाटली. टूथब्रश. चार्जर, आपली गोल दोन पिनांची पिन चालते, तीन पिनांची मोठी बसत नाही. डोळ्यावर बांधायला रुमाल, कारण वाटेतले दिवे रात्रभर चालू असतात आणि खालच्या बर्थच्या पडद्यातून उजेड येतो. पासपोर्ट पिशवीत नाही, ते घरातल्या एका माणसाच्या अंगावर, कंबरेच्या पाकिटात, झोपतानाही.

पुन्हा सांगते, स्वेटर मोठ्या बॅगेत ठेवला म्हणजे तो नेलाच नाही.

काहींच्या घरी असंही होतं की पिशवी भरून ठेवतात आणि विमानतळावर वजन जास्त भरलं म्हणून तिच्यातलं सामान मोठ्या बॅगेत कोंबतात. विमानातून उतरल्यावर, हॉटेल सोडताना, गाडीच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पिशवी उघडून बघा. हात घालून बघा. आत लोकर लागली पाहिजे.

औषधांचं आणखी एक. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या, गोळ्या मूळ पाकिटात ठेवा. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांवर थायलंडमध्ये बंधनं आहेत. गावातल्या मेडिकलमधून उचललेली बाटली तशीच नेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. ई-सिगरेट तिथे बेकायदा आहे, घरातल्या कॉलेजच्या पोराची बॅग एकदा तपासा. आणि खर्रा घरीच ठेवा. गाडीत थुंकायला जागा नाही, आणि ज्याला सवय आहे त्याने आठ दिवस आधीपासून कमी करायला घ्यावा, नाहीतर रात्रभर तो चिडचिड करतो आणि सगळ्यांना जागवतो.

खाणं आपलं न्या. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, जवसाची चटणी, कोरडं लोणचं, चिवडा. ओलं काही नको, दह्यातल्या दशम्याही पहिल्याच रात्री संपवा. गाडीत जेवणाची ऑर्डर घ्यायला येतात, पण तिकडच्या बऱ्याच भाज्यांत, सुपांत माशाचा सॉस असतो, दिसत नाही. शाकाहारी लोकांनी "जे" म्हणून विचारावं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात असतं, त्यात मांस-मासे काहीच नसतं. आत्याबाईंनी शिदोरीच खाल्ली आणि त्यांचं पोट चांगलं राहिलं. डब्यात चटणीचा डबा उघडताना शेजाऱ्यांचा विचार करा. बर्थ लागायच्या आत जेवा, नंतर बसायला जागा उरत नाही.

संडासात पाण्याचा फवारा असेलच असं नाही. रिकामी लिटरची बाटली ठेवा, थोडे टिशू ठेवा. लेकरांना झोपायच्या आधी नेऊन आणा.

गाडी हलते, हेही लेकरांना आणि म्हाताऱ्यांना सांगून ठेवा. रूळ मीटरगेज आहेत, मधलं अंतर 1000 मिलिमीटर, आपली जुनी अकोला-खंडवा लाइन होती तेवढंच. ज्यांनी अकोटहून त्या गाडीने प्रवास केलाय त्यांना तो हेलकावा ओळखीचा वाटेल. मामाजींना त्याच्यानेच झोप लागली, पण चालताना बर्थची दांडी धरायची, चहाचा कप अर्धाच भरायचा.

कागदपत्रं थोडक्यात. पासपोर्ट सहा महिने शिल्लक. 1 मे 2025 पासून थायलंडला पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, माणशी एक, लेकरांचंही. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. व्हिसाचे नियम बदलत राहतात, निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा. तिकिटाचा कागद छापून घ्या, मोबाइलची बॅटरी कधी संपेल सांगता येत नाही.

सकाळ. साडेपाचलाच उठा, लेकरांना एकदम उठवू नका, आधी मोजे घाला. लांपांग सोडल्यावर खुन तानचा बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरहून लांब, बाहेर डोंगर आणि जंगल. खिडकीचा पडदा तेव्हा उघडा. माणूस येऊन बर्थ मोडून पुन्हा सीटा करतो, त्याच्या आधी बर्थच्या कोपऱ्यात, उशीखाली हात फिरवा. चष्मा, दातांची डबी, लेकराचा एक मोजा तिथेच राहतो. हिवाळ्यात गेला असाल तर उतरल्यावर बाहेरही चांगलाच गारवा असतो, स्वेटर अंगातच राहू द्या.

चिआंग माई स्टेशनबाहेर लाल सॉन्गथ्यू, म्हणजे मागे समोरासमोर बाकं लावलेल्या भाड्याच्या पिकअप गाड्या, उभ्या असतात. हॉटेलचा पत्ता दाखवा, भाडं आधी ठरवा, मगच चढा. हॉटेलची खोली सकाळी सातला मिळत नाही, सामान ठेवून घेतात.

परतीचं तिकीटही जातानाच काढा. 10 नंबरची गाडी संध्याकाळी सहाच्या सुमारास निघते, सकाळी सातच्या आत बँकॉक. हॉटेल सोडताना पिशवी पुन्हा भरा, स्वेटर तीच, गोळ्या त्याच. गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून त्याच सकाळचं विमान घेऊ नका. दुपारनंतरचं घ्या, आणि डॉन मुआंगवरून उडणार असाल तर गाडी तिथेच थांबते, बँकॉकपर्यंत जाऊन परत येऊ नका.