नाजूक खेकडा-जीवाश्म: पक्का करण्याच्या घाईत होणाऱ्या या चुका टाळा

नाशिकच्या काळ्या कातळात खेकडा सापडत नाही. आपल्या पायाखालचा बेसाल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचे खनिज-स्फटिक मिळतात, पांडवलेणीजवळच्या खाणीतले नमुने जगभरच्या संग्रहांत पोचलेत, पण समुद्रतळाचा गाळ इथे नाही. त्यामुळे आपल्याकडे कुणाच्या हातात खेकड्याचा जीवाश्म आला, तर तो बाहेरून आलेला असतो. कुणी कच्छच्या मायोसीन काळातल्या (साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतला आणलेला, कुणी खनिज-प्रदर्शनात विकत घेतलेला. आणि आपण खनिजं गोळा करणारे त्याला आपल्या सवयीने हाताळायला जातो, म्हणजे दगडासारखं. पाण्यात बुडव, ब्रशने घास, अ‍ॅसिडात टाक.

खेकडा तसा नाही. त्याचं कवच अनेकदा अंड्याच्या टरफलाइतकं पातळ असतं. पायांचे तुकडे एकमेकांना जोडणारं सांध्यातलं कातडं कधीच कुजून गेलेलं असतं. ते तुकडे जागच्या जागी आहेत ते निव्वळ भोवतीच्या मातीने धरून ठेवलेत म्हणून. गेली काही वर्षं मी हे काम घरच्या टेबलावर करते आहे, आणि एक गोष्ट मला पक्की पटली आहे: खेकडा कोरताना बिघडतो, त्याहून जास्त त्याला मजबूत करण्याच्या घाईत बिघडतो.

उन्हात वाळवणं

माझा दुसराच खेकडा चिकणमातीच्या ओलसर गोळ्यात होता. मे महिना होता, गच्चीवर कुरडया वाळत होत्या, त्यांच्या शेजारीच मी तो गोळा ठेवला. दुपारी तीनला वर गेले तेव्हा माती आकसून तडकली होती, आणि एक भेग नेमकी पाठीच्या कवचातून आरपार गेली होती. डावी नांगी सुटून चाळणीच्या कापडावर पडलेली. तो खेकडा अजून माझ्याकडे आहे, पाच तुकड्यांत.

चिकणमाती वाळताना आकसते, कवच आकसत नाही. बाहेरचा थर आधी वाळला की ताण सगळा कवचावर येतो. म्हणून ओला नमुना झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी एका वाटीत ओलं फडकं ठेवा (नमुन्याला टेकू देऊ नका), आणि झाकण रोज थोडं थोडं उघडत जा. दोन-तीन आठवडे लागतात. वाळला का हे बोटाने कळत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करून लिहून ठेवा. सलग तीन-चार दिवस वजन हललं नाही की पुढे जा.

पाण्याबाबत एक सोपी चाचणी आहे. खेकड्यापासून लांब पडलेला मातीचा नखाएवढा कपचा वाटीभर पाण्यात सोडा. दहा मिनिटांत विरघळून ढिगारा झाला, तर त्या नमुन्याला पाण्याचा ब्रशसुद्धा लावू नका.

फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, नेलपॉलिश, चपडा

घरात जे आहे ते लावलं जातं, आणि ते काढता येत नाही. खरी अडचण ही आहे. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, ते चिकणमातीला फुगवतं. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट बारीक भेगेत धावतो खरा, पण ठिसूळ असतो, आजूबाजूला पांढुरकी धूळ सोडतो, आणि चुकीच्या जागी बसलेला तुकडा सोडवताना कवचच उपटून येतं. नेलपॉलिश आकसतं आणि पिवळं पडतं. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश वर्षांनी काळपट होतं आणि मग सहजासहजी विरघळत नाही.

जगभरच्या संग्रहालयांत यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक राळेचं द्रव्य वापरतात. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, सहसा पिवळं पडत नाही, आणि दहा वर्षांनीही अ‍ॅसिटोन लावून परत काढता येतं. त्याचे पारदर्शक मणी मिळतात. १०० मिली अ‍ॅसिटोनमध्ये २ ग्रॅम मणी म्हणजे पाजण्यासाठीचं पातळ द्रावण. ५ ग्रॅम म्हणजे जरा दाट. मणी थेट बरणीत टाकले तर तळाशी एकच चिकट गोळा होतो, तेव्हा ते मलमलच्या पुरचुंडीत बांधून बरणीत लटकत ठेवा. रात्रभरात विरघळतात. बरणी काचेचीच हवी. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र अ‍ॅसिटोन म्हणून चालत नाही, त्यात पाणी, तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानातलं शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या. आणि कृपा करून, ज्या खोलीत समई किंवा गॅस पेटलेला आहे तिथे ही बाटली उघडू नका. अ‍ॅसिटोनची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते.

द्रावण ओतायचं नाही, पाजायचं. काचेच्या ड्रॉपरने एक थेंब भेगेच्या कडेला टेकवा. तो आत ओढला जातो, कवच क्षणभर गडद होतं आणि मिनिटाभरात पुन्हा फिकं होतं. मग दुसरा थेंब. एक वेळ अशी येते की थेंब आत जात नाही, वरच चमकत राहतो. तिथे थांबा. टिपकागदाच्या टोकाने तो थेंब उचलून घ्या. बहुतेकांचं चुकतं ते इथेच; वाटतं, अजून एक दिला तर अजून पक्का होईल.

द्रावण दिल्यावर काय बिघडतं, आणि ते कसं सावरायचं

पांढरी साय आली: पावसाळ्यात हे हमखास होतं. अ‍ॅसिटोन उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि राळ दुधाळ होते. नमुना आतून ओलसर असला तरी हाच परिणाम. वरून आणखी द्रावण देऊ नका. नमुना सिलिका जेलच्या डब्यात दोन दिवस ठेवा, मग शुद्ध अ‍ॅसिटोनचा मऊ ब्रश हलकेच फिरवून वर काचेचं भांडं उपडं घाला, म्हणजे अ‍ॅसिटोन सावकाश उडेल. साय बहुधा निघून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मी हे काम करतच नाही.

वरून कडक, आतून भुसभुशीत: ही उन्हाळ्यातली तक्रार. कोरड्या उष्ण हवेत अ‍ॅसिटोन इतक्या वेगाने बाहेर धावतं की राळही त्याच्याबरोबर वर येते आणि पापुद्रा बनतो. सुई लावली की पापुद्रा कवचाचा थर घेऊन निघतो. उपाय म्हणजे २ टक्क्यांचं द्रावण, पहाटेची वेळ, पंखा बंद आणि वर झाकण.

प्लास्टिकसारखी चमक: टिश्यूचा तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून पृष्ठभागावर टेकवा, उचला, नवा तुकडा घ्या. घासू नका.

जोडलेला पाय हळूहळू झुकला: बी-७२ साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. नाशिकचा पारा मे महिन्यात तिथे पोचतो, आणि पत्र्याच्या छपराखाली किंवा उभ्या गाडीत तर त्याच्याही वर जातो. हे थंड देशांतल्या सूचनांमध्ये ठळक लिहिलेलं नसतं, आपल्याला ते लक्षात ठेवावंच लागतं. जोडलेला नमुना खालच्या कप्प्यात, आतल्या खोलीत ठेवा आणि लटकत्या पायाखाली फोमचा टेकू द्या.

अ‍ॅसिड

झिओलाइट साफ करणाऱ्यांच्या हाताला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची सवय असते, गंजाचे डाग त्याने छान जातात. खेकड्याचं कवच मात्र बरेचदा कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीच्याच खनिजाचं असतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागताच त्यावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा थर बसतो, जो पाण्याने जात नाही. व्हिनेगर किंवा मिठाच्या अ‍ॅसिडात तर कवचच फसफसून जातं. चुनखडीच्या खडकातून माशांची हाडं अ‍ॅसिडने सोडवतात, हे खरं आहे. पण ती हाडं फॉस्फेटची असतात. ती रीत खेकड्याला लावू नका.

दुसरा अर्धा भाग फेकणं

खेकडा ज्यात दडलेला असतो तो कठीण दगडी गोळा फोडला की खेकडा एका भागात दिसतो आणि दुसरा भाग ‘नुसता साचा’ म्हणून टाकला जातो. खेकड्याचं कवच थरांचं असतं, आणि फुटताना वरचा दाणेदार थर अनेकदा त्या साच्याला चिकटून निघतो. भिंगातून पाहिलंत तर खसखशीसारखे दाणे साच्याच्या बाजूला दिसतील. जात ओळखायला तेच दाणे लागतात. दोन्ही भाग ठेवा, टेबलाखाली पडलेले कपचेसुद्धा एका डबीत.

कोरताना

यावर खूप लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगते. मला सगळ्यात उपयोगी पडलेलं हत्यार म्हणजे शेजारच्या काकांनी बनवून दिलेली पितळी मूठ. ते अंबडच्या कारखान्यात टर्नर होते. लेथवर त्यांनी मूठ काढली, तिच्यात शिवणाची सुई घट्ट बसते आणि बोथट झाली की बदलता येते. पाठीच्या मध्यापासून सुरुवात करा, तिथे आधार असतो. नांग्या आणि पाय शेवटी. कडेच्या काट्यांवर आडवा दाब देऊ नका. नमुना वाळूच्या छोट्या पिशवीवर बसवा, हातात धरून कोरू नका. आणि दर थोड्या वेळाने थांबून उघड्या पडलेल्या भागाला द्रावण पाजा. पूर्ण उघडून मग पक्कं करू म्हटलं तर पायांचा आधार आधीच गेलेला असतो.

एअर स्क्राइब (दाबाच्या हवेवर थरथरणारी टोकदार लेखणी) आणि कंप्रेसर असेल तर शेवटचा मिलिमीटर तरी सुईसाठी सोडा. पावडरचा फवारा वापरत असाल तर खाण्याच्या सोड्याची कठीणता (१ ते १० च्या मोह्स मापावर) साधारण २.५ आहे, कॅल्साइटची ३, आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची ९. शेवटची पावडर कवचाचे दाणे काही सेकंदांत पुसून टाकते. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि सोडा नळीत घट्ट बसतो. टाकी रोज रिकामी करा, पाणी अडवणारा फिल्टर लावा. धुळीसाठी एन-९५ मास्क हवाच, रुमाल पुरत नाही.

नसलेला पाय बनवणं

एम-सीलने पाय घडवून रंगवलेले खेकडे मी पाहिले आहेत. बघणाऱ्याची फसवणूक होते आणि इपॉक्सी पुन्हा निघत नाही. भेग भरायचीच असेल तर दाट बी-७२ मध्ये संगमरवराची पूड मिसळा, आणि रंग मुद्दाम अर्धी छटा फिका ठेवा, म्हणजे जोड कुठला आणि मूळ कुठलं हे जवळून कळतं.

साठवण

नमुन्याला कापूस थेट लावू नका, तंतू काट्यांत अडकतात आणि काढताना काटा घेऊन येतात. मऊ टिश्यू, बाहेरून फोममध्ये कापलेला खळगा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई अ‍ॅसिटोनच्या एका थेंबाने पसरते. ठिकाण, थर, तारीख आणि कुठलं द्रव्य किती टक्के लावलं, एवढं हवंच.

पितळी चमक असलेला खेकडा, म्हणजे पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) झालेला, हा वेगळाच विषय आहे. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पायराइटची वेगाने झीज होते आणि त्यातून गंधकाम्ल तयार होतं. नाशिकचा पावसाळा त्याला पुरून उरतो. असा नमुना हवाबंद डब्यात, केशरी सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. गणपतीनंतर प्रत्येक डबा उघडून भिंगाखाली बघा. पिवळट-पांढरी भुकटी, गंधकाचा वास किंवा चिठ्ठीची तपकिरी पडलेली कड दिसली, तर तो नमुना त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा काढा, भुकटी कोरड्या ब्रशने झटका, आणि पाणी अजिबात लावू नका.