कचरा लँडफिलमध्ये गेल्यावर काय होतं आणि आपण घरी काय करायचं

लँडफिल म्हणजे खड्डा खणला आणि कचरा ओतला असं बऱ्याच जणांना वाटतं. नीट बांधलेल्या लँडफिलमध्ये तळाला दाबून बसवलेली चिकणमाती असते, तिच्यावर प्लास्टिकचं जाड अस्तर, त्यावर खडी आणि भोकं पाडलेले पाईप. रोजचा कचरा लोखंडी दात्यांच्या चाकांचं मशीन दाबतं आणि संध्याकाळी त्यावर साधारण 15 सेंटीमीटर माती पसरतात म्हणजे वास, माशा, उंदीर आटोक्यात राहतात. साध्या डम्पिंग ग्राउंडला यातलं काहीच नसतं, नुसता ढीग.

आता खरी अडचण. दाबलेल्या ढिगात हवा नसते त्यामुळे ओला कचरा खत न होता सडतो आणि गॅस सुटतो, त्यात साधारण अर्धा मिथेन. 100 वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून जास्त उष्णता अडवतो. चांगल्या ठिकाणी पाईप टाकून तो खेचून जाळतात किंवा त्यावर वीज करतात, पण उघड्या ढिगात तोच पेटतो आणि आग आत कित्येक दिवस धुमसत राहते. शिवाय लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं काळपट पाणी, ते खालचे पाईप गोळा करतात आणि अस्तर नसेल तर सरळ जमिनीत, मग भूजलात. दोन्हीचं मूळ जास्त करून ओला कचराच, म्हणून माझा सगळा जोर त्यावरच आहे.

आणि कागद कुजतो म्हणून निर्धास्त राहू नका. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रथजे यांच्या टीमने 1987 पासून लँडफिलं खणून पाहिली तेव्हा कित्येक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं चक्क वाचता येत होती!

पायरी 1: दोन डबे ठेवा, ओला आणि सुका. ओल्यात प्लास्टिकची पिशवी घालू नका, गाठ मारलेली पिशवी तशीच ढिगात जाते आणि आतलं आत सडतं.

पायरी 2: ओल्याचं कंपोस्ट करा. बुडाला आणि बाजूला भोकं असलेला डबा घ्या, खाली वाळलेली पानं, मग ओला कचरा, त्यावर परत पानं किंवा भुसा, सुकं नेहमी ओल्यापेक्षा जास्त. चार-पाच दिवसांनी हलवा. मूठभर घेऊन घट्ट पिळा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे, धार लागली तर पानं वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. आंबूस वास आला तर हवा कमी पडतेय, घाबरू नका, हलवून सुकं घाला. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत हाताशी येतं, आणि तो वास एकदा घेतला ना की परत मिसळून टाकायची इच्छाच होत नाही.

पायरी 3: सुका कचरा रिसायकलिंगला, पण डबे-बाटल्या विसळून.

पायरी 4: सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, जुनी औषधं कधीच डब्यात नाही, वेगळी साठवून त्यासाठीच्या केंद्रावर द्या.

काही ठिकाणी कचरा भट्टीत जाळून वीज करतात. त्याने कचऱ्याचा आकार साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो पण राख उरतेच आणि तिचं बरंच काही शेवटी लँडफिललाच जातं, वर कचरा ओला असेल तर नीट जळतही नाही. म्हणजे भट्टी असो की खड्डा, आधी ओलं बाजूला काढा. एकदम सगळं जमत नसेल तर पहिला आठवडा फक्त पायरी 1 करा आणि सुक्याचा डबा कितव्या दिवशी भरतोय तेवढं बघा.