गाताना हात सुटतो: ब्लूग्रास मँडोलिन हाती घेणाऱ्यांसाठी

चार जोड्यांत आठ तारा, व्हायोलिनसारखंच जी-डी-ए-ई ट्यूनिंग, हे तुम्हाला माहीत असणारच. ब्लूग्रास हे अमेरिकेतल्या ग्रामीण भागातलं संगीत आणि मँडोलिनवादक बिल मन्रो त्याचे जनक, हेही. म्हणून थेट मुद्द्याचं सांगतो. मँडोलिन वाजवून गायचं असेल तर पहिली दोन वर्षं सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचे तुकडे, पाठ करण्यात घालवू नका. मी घालवली, आणि त्याची किंमत मला भर मैफलीत मोजावी लागली.

मी मूळचा मिरजेचा. घरात आईचं भजनी मंडळ, त्यामुळे टाळ लहानपणापासून हातात. मँडोलिन म्हटलं की लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर ते वाजवायचे, एवढंच ठाऊक. नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला आलो आणि ब्लूग्रास कानावर पडलं. आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा वार्षिक मेळा 2013 ते 2024 शेजारच्या रॅलेमध्ये भरत होता. (आता तो टेनेसीत, चॅटनूगाला गेला.) त्या दिवसांत हॉटेलांच्या लॉबीत, कॉरिडॉरमध्ये, जिन्यावर लोक रात्री उशिरापर्यंत गोल करून वाजवत असतात. अनोळखी माणसंही एकमेकांना सामावून घेतात.

अशाच एका गोलात माझी गायची पाळी आली. गाण्याची पट्टी बी. सोलो मी आधी व्यवस्थित वाजवला होता, दोघांनी मान डोलावली होती. कडवं सुरू केलं आणि तिसऱ्या ओळीला बँजोवाल्याने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग बासवाल्याने. पाचव्या ओळीला सगळं मोडलं. कोणी काही बोललं नाही. पुढचं गाणं सुरू झालं आणि पाळी फिरत आली तेव्हा नजर माझ्यावरून पुढे गेली. मी वाद्य पेटीत ठेवलं आणि पार्किंगमधल्या गाडीत बराच वेळ बसून राहिलो.

काय चुकलं ते नीट सांगतो, कारण याच खड्ड्यात आपल्याकडून आलेला जवळजवळ प्रत्येक जण पडेल.

ब्लूग्रासच्या मूळच्या ताफ्यात ड्रम नसतो. बँजो, फिडल, गिटार, बास आणि मँडोलिन, एवढी पाचच वाद्यं. ड्रमचं काम मँडोलिनवर येतं. बास 'एक' देतो, मँडोलिन 'दोन' देतं. त्या 'दोन'ला चॉप म्हणतात. जी कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) चॉप घ्या: जाड तारेपासून सातवा, पाचवा, दुसरा, तिसरा पडदा. चारही बोटं दाबलेली, एकही तार मोकळी नाही. आघात केला की लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, पण तारेवरून उचलायची नाहीत. आवाज 'खच्' असा तुटला पाहिजे. मोकळी तार गुणगुणत राहिली तर चॉप झालाच नाही. हाच आकार चार पडदे वर सरकवला की बी कॉर्ड. पट्टी बदलायला गिटारवाला आणि बँजोवाला कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबणारा चिमटा) लावतात, आपल्याला लावायचा नसतो. म्हणून हा आकार हाडात मुरला पाहिजे. करंगळी सातव्या पडद्यापर्यंत पोचत नसेल तर सर्वांत जाड जोडी सोडून तीन बोटांनी धरा, चालतं.

इथपर्यंत कोणीही शिकवेल. पुढचं मला कोणी सांगितलं नव्हतं. गाताना शब्दाचा जोर 'एक'वर पडतो आणि हात तोंडामागे जातो. चॉप 'दोन'वरून सरकत सरकत 'एक'वर येतो, बासच्या डोक्यावर आपटतो आणि पायाच निखळतो. टाळ वाजवत वाढलेल्या माणसाला तर हे कळतही नाही, कारण भजनात शब्दाचा जोर आणि टाळ एकाच जागी पडतात. आपल्याला तेच बरोबर वाटतं. मी एकटा घरी सराव करायचो तेव्हा मला सगळं तालात वाटायचं. खरंच तालात होतं, फक्त चुकीच्या बाजूला.

यातून मला बाहेर काढलं ते आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या बासवाल्याने. त्याने मला मँडोलिन खाली ठेवायला लावलं. "डावा तळहात इथे ठेव," म्हणाला आणि माझा हात त्याच्या बासच्या बरगडीवर टेकवला. तो वाजवत होता, लाकूड तळहाताखाली थरथरत होतं. उजव्या हाताने मी मांडीवर थाप द्यायची, पण थरथर विरते त्या फटीत. वीसेक मिनिटं आम्ही फक्त हेच केलं. मग म्हणाला, आता बोल. गायचं नाही, शब्द नुसते बोलायचे. दुसऱ्याच ओळीला थाप सरकली. तो थांबला, पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी आम्ही चार ओळींच्या पुढे गेलो नाही.

घरी करायचं असेल तर मेट्रोनोम 60 वर ठेवा आणि त्याची टिक म्हणजे तुमचा चॉप समजा, 'एक' नव्हे. 'एक' तुम्ही पायाने द्यायचा. तारा दाबून नुसता खच्-खच्. मग शब्द बोला, मग एकाच सुरात म्हणा, मग चालीत. एका गाण्याला पंधरा दिवस गेले तरी जाऊ द्या. मला पहिल्या गाण्याला दोन महिने लागले, पुढच्याला आठवडा. हात एकदा सुटा झाला की सुटाच राहतो, ही खात्री मी देतो.

टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला पडदा ते आकड्यांत लिहिलेला कागद, बघून वाजवणं बंद करा. माझं ठाम मत आहे. कागदावरचा सोलो कागदावरच राहतो, गोलात उभं राहिलं की कान लागतो. आणि जो गुरू तुमच्यासोबत बसून नुसता ठेका धरत नाही, स्वतःचेच वेगवान तुकडे दाखवत राहतो, त्याला फी देऊ नका. मी एकाला वर्षभर दिली. त्याने माझा चॉप एकदाही ऐकला नाही.

वाद्याबद्दल विचाराल तर मन्रोचं मँडोलिन 1923चं गिब्सन एफ-5 होतं आणि ते त्यांना मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात मिळालं. ही गोष्ट ऐकून सगळे एफ घाटाच्या, म्हणजे वेलबुट्टीसारखं वळण असलेल्या मँडोलिनच्या, मागे लागतात. त्या वळणाचे पैसे सुताराच्या मेहनतीचे असतात, आवाजाचे फारसे नाहीत. त्याच पैशात वळण नसलेला साधा ए घाट घ्या. दीड मिलिमीटरच्या आसपासचं जाड पिक (तारा छेडायची पट्टी) घ्या.

गळ्याचं थोडं अवघड आहे. तीन आवाज एकत्र चालतात: मुख्य, वरचा टेनर, खालचा बॅरिटोन. तुम्ही टेनर गाताय आणि मध्येच छानशी हरकत घेतली तर तिघांचा मिळून बनलेला सूर फुटतो. शास्त्रीय शिकलेल्यांना हे सोडणं फार जड जातं. मलाही गेलं. सरळ गा, शेजाऱ्याच्या ओठांकडे बघा, शब्द त्याच्याबरोबर संपवा. उच्चारांची मात्र काळजी करू नका. सगळी कडवी पाठ असली की लोक उच्चार विसरतात.

आता पैसा. मानधन आलं की त्याचे पाच वाटे होतात, आणि पेट्रोल त्याच्या आधी निघतं. मी अजूनही नोकरी करतो आणि शनिवार-रविवार शिकवतो. एच-1बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर वादनाचे पैसे घेऊ नका, टिपसुद्धा नाही. तो व्हिसा एकाच मालकाच्या नोकरीपुरता असतो. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी फुकटच वाजवलं आणि त्याच वर्षांत माझा हात तयार झाला. उशीर झाला म्हणून खचू नका. मन्रोंच्या वाट्याला मँडोलिन आलं तेच मुळी फिडल आणि गिटार मोठ्या भावांनी घेतल्यामुळे. आणि संघटनेचा सर्वोत्तम मँडोलिनवादकाचा पुरस्कार एका स्त्रीला पहिल्यांदा मिळाला तो 2016 साली, सिएरा हलला. या वाद्यावर अजून बरीच जागा मोकळी आहे.

पहिल्यांदा गोलात जाल तेव्हा आधी बाहेर उभं राहून दोन गाणी ऐका. ट्यूनिंग तिथे जाऊन नको, आधीच करून या. गाण्याची पट्टी विचारा. मग बासच्या शेजारी जागा मिळते का बघा, आणि पहिले तास-दोन तास फक्त चॉप द्या. सोलोसाठी मान हलवून विचारलं तर नको म्हणा. पुढच्या आठवड्यात तेच तुम्हाला बोलावतील, गायलासुद्धा.