टॅक्सिडर्मीसाठी फ्रीझरमध्ये पक्षी ठेवताय? या चुका टाळा

टॅक्सिडर्मी म्हणजे मेलेल्या प्राण्याची कातडी टिकवून, आत भराव घालून तो जिवंतासारखा उभा करणं. त्यासाठी माझ्याकडे जे वाया गेलेले पक्षी येतात ना, त्यातले बरेचसे फ्रीझरमध्ये जायच्या आधीच वाया गेलेले असतात. कॉकटील (तुरेवाला छोटा पाळीव पक्षी) सकाळी पिंजऱ्यात मेलेला दिसतो, घरात रडारड, दुपारपर्यंत तो टॉवेलवर तसाच, संध्याकाळी कोणाला तरी सुचतं की अरे भुसा भरून घेऊया, आणि मे महिन्यात तोवर पोटाची कातडी हिरवट पडलेली असते. मग नुसतं बोट फिरवलं तरी पिसं हातात येतात, आणि त्यावर इलाज नाही. फ्रीझर सडणं थांबवतो, सडलेलं दुरुस्त करत नाही. म्हणून निर्णय व्हायचा तेव्हा होऊदे, पक्षी आधी फ्रिजमध्ये टाका.

पोट साफ करू नका, मासा असला तरी. फक्त ग्लोव्हज घालून रक्त टिपून घ्या आणि घशात नि मागच्या बाजूला कापूस सरकवा, नाहीतर आतलं पाणी पिसांवर उतरतं.

मी स्वतः पहिला कोंबडा कॅरीबॅगमध्ये कोंबला होता, शेपूट दुमडून. बाहेर काढला तर शेपटीची ती लांब कमानदार पिसं, दोन मधोमध मोडलेली. वाकलेलं पीस वाफेवर सरळ होतं हो, मोडलेलं नाही होत. आता पंख मिटवतो, डोक्याकडून जुन्या स्टॉकिंगमध्ये सरकवतो म्हणजे पिसं अंगालगत बसतात, शेपटीखाली पुठ्ठा, मग दोन पिशव्या, हवा दाबून काढून.

पेपरात गुंडाळू नका, तो ओल शोषतो. फ्रॉस्ट फ्री फ्रीझर (ज्यात बर्फ साचत नाही तो) तर पाय, चोच, पापण्या पार वाळवून टाकतो, पायांना ओला कापूस गुंडाळा. माशाला ओलं फडकं, कल्ल्यामागचे नि शेपटीचे पर अंगाला चिकटवून. आणि त्याआधी फोटो काढा, डोळ्यांचा आणि माशाचा रंग नंतर राहत नाही.

पिशवीवर नाव, तारीख लिहाच. आमच्या आईने एकदा चिकन समजून पार्सल ओट्यावर काढलं होतं, अर्धं वितळल्यावर कळलं :) परत गोठवलेलं पुन्हा वितळतं तेव्हा पोटाचीच कातडी आधी जाते. वितळवायचं ते फ्रिजमध्येच, छोटा पक्षी रात्रभर, कोंबडा दीड दोन दिवस, गरम पाण्यात अजिबात नाही.

हे सगळं पाळीव पक्ष्यांचं. मोर, घुबड, पोपट मेलेला सापडला तर उचलून घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो सरकारी मालमत्ता, वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. आणि खुराड्यातल्या कोंबड्या एकामागोमाग मरत असतील तर टॅक्सिडर्मी विसरा, २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता ते आठवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि हात लावू नका.