बोटीवर जाण्यापूर्वी: फिलिपिनो सहकाऱ्यांची शिस्त कशी समजून घ्यावी आणि अंगी बाणवावी

गोव्यातून बोटीवर किंवा आखातात कामाला जाणे ही नवी गोष्ट नाही. सासष्टी आणि बार्देशातील तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारी माणसे, पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडत आले आणि मुंबईत धोबी तलाव परिसरातील आपल्या गावच्या कूडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहांत, राहून बोटीची वाट पाहत आले. आता पेडणे, डिचोली, फोंडा या भागांतील मुलेमुलीही हॉटेल मॅनेजमेंट पूर्ण करून क्रूझ बोटींच्या मुलाखतींना उभी राहतात. बोटीवर पोहोचल्यावर त्यांची पहिली गाठ बहुधा फिलिपिनो सहकाऱ्याशी पडते, कारण जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्सचे स्थान अग्रभागी आहे.

घरी परतलेली माणसे सांगतात की, ही मंडळी जन्मजातच कष्टाळू आणि हसतमुख असतात. हॉटेल विभागात त्यांच्याबरोबर राबलेली व्यक्ती म्हणून मला हे पटत नाही. ही शिस्त शिकून येते, तिच्यामागे सुमारे अर्धशतकाची सरकारी व्यवस्था आणि घरच्या गरजेचा रेटा आहे, आणि म्हणूनच ती आपल्यालाही शिकता येते. फरक इतकाच की, जे त्यांच्याकडे कायदा करून घेतो त्यातले बरेचसे आपल्याला स्वतःहून करावे लागते.

त्यांच्यामागे काय उभे आहे

फिलिपिन्सने १९७४ च्या कामगार संहितेतून परदेशी नोकऱ्यांचे नियमन सुरू केले आणि १९८२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रशासन उभे केले. १९९५ च्या मार्च महिन्यात फ्लोर कॉन्टेम्प्लासियॉन या घरकामगार महिलेला सिंगापूरमध्ये फाशी देण्यात आली, तेव्हा आपल्या सरकारने तिला वाचवण्यासाठी पुरेसे काही केले नाही या भावनेने तो देश पेटून उठला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा क्रमांक ८०४२ आला. २०२१ च्या अखेरीस या कामगारांसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन करणारा कायदाही झाला. कामगाराला निघण्यापूर्वी प्रशिक्षणवर्गाला बसावे लागते, कंत्राट सरकारी नमुन्याच्या चौकटीत बसावे लागते, त्याच्यासाठी कल्याण निधीत २५ डॉलर भरले जातात, आणि खलाशाच्या मूळ पगारातील किमान ८० टक्के रक्कम घरी पाठवलीच पाहिजे असे बंधन असते. हा तपशील सांगण्याचे कारण असे की, तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस आपले कंत्राट कलमवार ओळखतो आणि तुम्ही बहुधा ओळखत नाही.

निघण्यापूर्वी

बोटीच्या नोकरीसाठी एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा, परवाना असलाच पाहिजे. परवान्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तो स्वतः तपासावा. एजंटने दाखवलेल्या झेरॉक्सवर समाधान मानू नये. सागरी कामगार करार २००६ नुसार भरतीची फी खलाशाकडून घेता येत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदपुस्तिका) यांचा खर्च मात्र त्याच्याकडे येऊ शकतो. म्हणून ‘जागा पक्की करण्यासाठी’ लाखाच्या घरात रक्कम मागणाऱ्याच्या दारातून त्याच पावली परत फिरावे. आखातातील जमिनीवरच्या नोकरीचे नियम वेगळे आहेत. तिथे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेऊ शकतो, आणि दहावी न झालेल्या, ईसीआर (नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी आवश्यक) पासपोर्ट असलेल्या व्यक्तीला उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते.

कंत्राट हाती आल्यावर मूळ पगार, ओव्हरटाइम, टिप्सची हमी, परतीच्या तिकिटाचा खर्च आणि आजारपणातील पगार या पाच ठिकाणी पेन्सिलीने खूण करावी आणि जे समजले नाही ते सही करण्याआधी विचारावे. क्रूझवर बऱ्याचदा पगार फक्त कंत्राटाच्या महिन्यांचाच मिळतो. घरी असलेले दोन महिने बिनपगारी जातात, आणि पहिल्या वर्षी अनेकांचा हिशेब इथेच कोलमडतो. आपल्या मुलांना सुरक्षेचे प्राथमिक अभ्यासक्रम करावेच लागतात. ते केवळ प्रमाणपत्रासाठी उरकू नयेत. लाइफ जॅकेट अंधारात, डोळे मिटून घालता येईपर्यंत सराव करावा.

कामावर: काय पाहावे आणि काय उचलावे

माझ्या शेजारच्या सेक्शनमध्ये इलोइलो प्रांतातला एक रूम स्टुअर्ड होता. तो आपली ट्रॉली आदल्या रात्रीच भरून ठेवत असे: टॉवेल मापाप्रमाणे, चादरी दुमड बाहेर येईल अशा, जेणेकरून सकाळी हात घालताच हवी ती वस्तू मिळावी. खोली झाल्यावर तो लगेच दार ओढत नसे. आधी उंबरठ्यावर उभा राहून एक नजर टाकी, मग उशीच्या उंचीपर्यंत वाकून खोली पुन्हा पाही, कारण आडव्या झालेल्या पाहुण्याला आपल्या उभ्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी दिसतात: दिव्याच्या कडेवरची धूळ, पडद्यामागे अडकलेला मोजा, एसीच्या जाळीवरचा काळा पट्टा. या वाकण्याला फार वेळ लागत नसे आणि त्याच्या खोल्यांबद्दल तक्रार क्वचितच येई. ही सवय कोणत्याही कामात उचलता येते. स्वयंपाकघरात असाल तर ताट पाहुण्याच्या बाजूने फिरवून पाहावे. बारमध्ये असाल तर काउंटरच्या बाहेर जाऊन एकदा उभे राहावे.

दुसरी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे काम सोपवण्याची पद्धत. साइन ऑफच्या, म्हणजे कंत्राट संपवून बोटीवरून उतरण्याच्या, आदल्या रात्री हाच माणूस वहीच्या पानावर पुढच्या स्टुअर्डसाठी टिपणे लिहीत बसला होता: कोणत्या खोलीचा नळ गळतो, कोणते कपाट दोनदा ढकलल्याशिवाय लागत नाही, लाँड्रीत कोणत्या वेळी गर्दी नसते. नव्या माणसाचा पहिला आठवडा त्या एका पानाने सोपा होतो. तुम्हीही असे पान लिहावे, मग येणारा कोणत्याही देशाचा असो.

जुने पाहुणे उतरून नवे चढतात त्या दिवशी, म्हणजे टर्नअराउंडला, ज्यांचे सेक्शन आधी संपते ते फिलिपिनो सहकारी न बोलावता शेजाऱ्याच्या खोलीत शिरून चादरी ओढू लागतात. ही मदत घेतली तर त्याच दिवशी, निदान पुढच्या टर्नअराउंडला, परत करावी. नुसते आभार मानून थांबणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा हाक मारण्याची गरज कोणालाच वाटत नाही. वयाने मोठ्या पुरुषाला ‘कुया’ आणि मोठ्या बाईला ‘आते’ म्हणावे. आपल्याकडे दादा आणि ताई म्हणतो तितके ते तिथे स्वाभाविक आहे. चारचौघांत कोणाची चूक दाखवू नये. ‘येस’ हे उत्तर मिळाले म्हणून सूचना समजली असेही धरू नये. लाजेपोटी पुष्कळ जण नाही म्हणत नाहीत. ‘आता तू कुठून सुरुवात करशील?’ असे विचारावे, म्हणजे काय समजले ते आपोआप बाहेर येते.

याच शिस्तीतील एक गोष्ट मात्र मुळीच उचलू नये. पुढचे कंत्राट मिळणार नाही या भीतीने पाठीचे दुखणे, भाजलेला हात, ताप हे सारे लपवून काम करणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि वरिष्ठ त्यांच्या हसण्याकडे पाहून सारे ठीक आहे असे समजत राहिले. इजा झाली तर त्याच दिवशी बोटीच्या डॉक्टरकडे नोंद करावी आणि अहवालाची प्रत मागून घ्यावी. नोंदीविना झालेली इजा उतरल्यावर सिद्ध करणे फार कठीण जाते. विश्रांतीचेही तसेच आहे. कामाच्या तासांऐवजी विश्रांतीचे तास मोजणाऱ्या बोटींवर २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. तासांच्या तक्त्यावर सही करण्यापूर्वी आकडे वाचावेत आणि आपल्या खिशातील वहीत खरे तास रोज टिपून ठेवावेत.

पैसा

८० टक्क्यांचे ते बंधन आपल्यावर नसले तरी ते स्वतःवर घालून घ्यावे. एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीचे) खाते उघडण्याबाबत निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावे, घरखर्चाची रक्कम घरच्यांशी बसून ठरवावी आणि उरलेल्यातून बिनपगारी महिन्यांसाठी वेगळी तजवीज करावी. परदेशातील दिवसांचा हिशेब प्राप्तिकरासाठी सीडीसीवरील साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखांवरून होतो. त्याचे शिक्के नीट उमटले आहेत का ते पाहावे आणि पानांचे फोटो घरी पाठवून ठेवावेत.

फिलिपिनो सहकारी आपसांत ‘पालुवागान’ चालवतात, म्हणजे आपली भिशीच. त्यात शिरायचे असेल तर प्रत्येकाची साइन ऑफची तारीख आधी विचारावी, कारण उचल घेऊन कंत्राट संपलेला माणूस पुढच्या बंदरात उतरतो आणि त्याचे उरलेले हप्ते वसूल करायला कोणीच मागे राहत नाही. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये, मग मैत्री कितीही घट्ट असो.

घरासाठी मोठा खोका हळूहळू भरत जाणे ही त्यांच्याकडची फार जपलेली रीत आहे. कॉफी, साबण, चॉकलेट, मुलांचे बूट असे महिनोन्‌महिने साठत जाते. त्यामागची माया खरी आहे. तरीही ज्या मुलांना आजीआजोबांनी वाढवले त्यांच्याबद्दल बोलताना त्याच सहकाऱ्यांचा आवाज बसतो, हेही मी ऐकले आहे. म्हणून फोनची वेळ ड्युटी पाहून ठरवावी आणि ती पाळता येईल एवढीच कबूल करावी.

तक्रार करायची झाल्यास

फिलिपिनो कामगार आपल्या दूतावासातील कामगार कार्यालयाकडे वळतो. भारतीयाने बोटीवर आधी लेखी तक्रार द्यावी, कारण सागरी कामगार करारानुसार प्रत्येक बोटीवर त्यासाठी पद्धत ठरलेली असते. तिथे दाद लागली नाही तर बंदरातील आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या) निरीक्षकाला किंवा नौवहन महासंचालनालयाला कळवावे. जमिनीवर नोकरी असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करावी आणि जवळच्या भारतीय वकिलातीत जावे. पासपोर्ट, कंत्राट, विमा आणि सीडीसी यांच्या प्रती घरच्या एका विश्वासू माणसाकडे आधीच दिलेल्या असाव्यात, आणि एजंटाचे नाव, परवाना क्रमांक व बोटीचे नाव त्याच कागदावर लिहिलेले असावे.