गावची बोली नोंदवताना

बोलीची नोंद शब्दांच्या यादीपासून सुरू करू नये; "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" असे विचारले की माणूस सावध होतो आणि शाळेतली मराठी बोलू लागतो. त्याऐवजी त्याला पेरणी, लग्न, आजारपण यांविषयी मोकळेपणी बोलू द्यावे आणि परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. ते उतरवून घेताना वऱ्हाडीतल्या 'मले'चे किंवा मालवणीतल्या 'माका'चे 'मला' करू नये, कारण ती चूक नसून त्या बोलीचे व्याकरण आहे.

नोंदीसोबत वय, गाव, व्यवसाय, समाज लिहावा; पण बोलणारा कोणाशी बोलत होता, हे टिपणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तीच बाई सुनेशी एका तऱ्हेने आणि तलाठ्याशी दुसऱ्या तऱ्हेने बोलते, आणि समाजातली उतरंड त्या फरकातच ऐकू येते.

बोलीला 'भाषा' म्हणावे की नाही, हा निवाडा नोंद करणाऱ्याने करू नये. २०११ च्या जनगणनेत अहिराणी मराठीखाली नव्हे, तर खानदेशीखाली मोजली गेली, तरी ती बोलणारे अनेकजण शाळेत आणि कचेरीत मराठीच लिहितात. बोलणारा आपल्या बोलीला जे नाव देतो, तेच वहीच्या माथ्यावर लिहावे.